एका सुट्या भागाची किंमत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतीव मालाचा भाव किलोवर ठरतो. वजन किती, नग किती आणि माल कधी हवा, एवढ्या तीन प्रश्नांत बहुतेक सौदे पुरे होतात. परंतु एखादा तरुण आपल्या मोटारसायकलला टर्बो बसवण्यासाठी एकच मॅनिफोल्ड बनवून मागतो, तेव्हा हा नेहमीचा हिशेब अपुरा पडतो. त्या भागाची किंमत धातूच्या वजनात नसते. ती मोजमापात, कारागिराच्या वेळेत आणि वाया गेलेल्या पहिल्या नगात असते. व्यापारी घरांतील मुलांनाही यंत्रांची ओढ असते. त्या ओढीत शिकण्याजोगे काय आणि धोक्याचे काय, हे घरातील वडीलधाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

वाया जाणाऱ्या उष्णतेचा उपयोग

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूत बरीच शक्ती शिल्लक असते. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली या वाया जाणाऱ्या शक्तीच्या उपयोगाचे पेटंट घेतले. तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावर बसवलेल्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हे त्याचे तत्त्व. हवा जास्त गेली की इंधनही जास्त जाळता येते आणि त्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. पेट्रोल इंजिनाच्या वायूचे तापमान पूर्ण भारावर ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते.

जपानी कंपन्यांनी हा प्रयोग दुचाकीवर करून पाहिला. १९८२ साली होंडाने ‘सीएक्स ५००’ ही टर्बो मोटारसायकल बाजारात आणली. यामाहा, सुझुकी आणि कावासाकी यांनीही तोच मार्ग धरला. मात्र वाढलेले वजन, वाढलेली किंमत आणि मूठ पिळल्यावर शक्ती उशिरा मिळण्याचा दोष यांमुळे काही वर्षांतच या गाड्या बंद झाल्या. म्हणूनच आज ज्याला टर्बोची दुचाकी हवी, त्याला बहुतेक भाग स्वतः घडवून घ्यावे लागतात.

आधी कागद, मग लोखंड

या कामाचा आरंभ भट्टीपाशी होत नाही, वहीत होतो. उदाहरणादाखल ३५० सीसीचे एक सिलिंडरचे इंजिन घेऊ. पिस्टनचा व्यास ७२ मि.मी. आणि धाव ८५.८ मि.मी. असेल, तर पिस्टन एका धावेत सुमारे ३४९ घन सें.मी. जागा व्यापतो. दाबाचे प्रमाण ९.५ असेल, तर पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा सुमारे ४१ घन सें.मी. भरते. टर्बोची दाबलेली हवा आत आली की मिश्रण अवेळी पेटून पिस्टन फुटण्याचे भय असते. म्हणून हे प्रमाण उतरवावे लागते. ते ८ वर आणायचे, तर उरणारी जागा जवळपास ५० घन सें.मी. हवी. वाढवायच्या नऊ घन सें.मी. जागेला सिलिंडरच्या तोंडाच्या क्षेत्रफळाने भागले की उत्तर येते सुमारे २.२ मि.मी. एवढ्या जाडीची एक पट्टी सिलिंडरखाली बसवायची.

पट्टी लहानशी, पण तिच्यामुळे इंजिनाचा माथा तेवढाच वर सरकतो. कॅम फिरवणाऱ्या साखळीला ती वाढ सामावून घ्यावी लागते आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळही किंचित बदलते. एका भागात केलेला फेरफार दुसऱ्या भागात व्याजासह वसूल होतो, हा या विद्येचा पहिला धडा आहे.

साचा, सांधा आणि तेलाची वाट

टर्बो इंजिनाला जोडणारा मॅनिफोल्ड दोन प्रकारे करता येतो. ओतून करायचा असेल, तर आधी पॅटर्न हवा. लोखंड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. म्हणून १०० मि.मी.च्या भागासाठी पॅटर्न १०१ मि.मी.चा करावा लागतो. जिथे पुढे लेथवर कातकाम होणार, तिथे आणखी थोडी जाडी राखायची. आतली पोकळी वाळूच्या कोअरने साधायची. कोअर किंचित हलला तरी भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ होते, आणि पातळ बाजू पुढे तडकते.

दुसरा मार्ग स्टेनलेस नळीचे तुकडे कापून आर्गॉन वेल्डिंगने जोडण्याचा. इथे उष्णता परीक्षा घेते. ३० सें.मी. लांबीची अशी नळी पूर्ण तापली की चार मि.मी.हून अधिक वाढते. नळीला त्या वाढीसाठी मोकळीक ठेवली नाही आणि टर्बोचे वजन आधाराविना तिच्यावरच टाकले, तर सांधा आज ना उद्या उकलतोच.

तेलाची व्यवस्था त्याहून नाजूक. टर्बोच्या दांड्याला सतत दाबाचे तेल हवे. पुरवठ्याची नळी बारीक चालते, परतीची मात्र जाड आणि उताराचीच लागते. मोटारसायकलवर टर्बो बहुधा खाली बसतो. अशा वेळी तेल आपोआप परतत नाही आणि ते ओढून घेणारा निराळा पंप जोडावा लागतो. शिवाय एक सिलिंडरचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच हवा घेते. मधल्या वेळी दाबलेली हवा साठवायला छोटी टाकी घडवावी लागते.

कोल्हापूरची जुनी सवय

बाजारात न मिळणारी वस्तू स्वतः घडवणे या शहराला नवे नाही. आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांनी चित्रपटाचा कॅमेरा घडवण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबुरावांनी दामले यांच्या साहाय्याने ते काम पुरे केले.  शेतावरची ऑइल इंजिने दुरुस्त करता करता इथले मिस्त्री तीच इंजिने बनवू लागले, आणि त्यांच्या कौशल्यावर उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंतचे कारखाने उभे राहिले.

अशा कौशल्याला भांडवलाची साथही लागते. सोलापूरच्या व्यापारी जैन घराण्यातील वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. देवघेवीच्या हिशेबात मुरलेले मन घडणीच्या हिशेबाकडेही वळू शकते, याचा तो दाखला आहे.

मर्यादा आणि वाट

तथापि या छंदाची मर्यादा स्पष्ट सांगितलीच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ नोंदीशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. असे वाहन रस्त्यावर नेल्यास शिक्षेची तरतूद आहे, आणि अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडकू शकतो. त्याहून मोठी गोष्ट अशी की, शक्ती वाढली तरी ब्रेक, चौकट आणि टायर जुन्याच शक्तीच्या मापाचे राहतात. तिथे चालवणाऱ्याबरोबर रस्त्यावरचा अनोळखी माणूसही धोक्यात येतो.

यासाठी योग्य जागा आहे ती बंद ट्रॅकची आणि विद्यार्थी-स्पर्धांची. ‘फॉर्म्युला भारत’सारख्या स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी ७१० सीसीपर्यंतचे इंजिन वापरून छोटी रेसिंग कार बांधतात. हे इंजिन बहुधा मोटारसायकलचेच असते. नियमांच्या चौकटीत टर्बोलाही मुभा असते, मात्र सारी हवा २० मि.मी.च्या छिद्रातूनच घ्यावी लागते. तिथे वेगाइतकेच आरेखनाला आणि खर्चाच्या ताळेबंदालाही गुण असतात.

घरातील मुलाने या कामासाठी पैसे मागितले, तर सरसकट नकार देऊ नये आणि डोळे मिटून होकारही देऊ नये. आधी त्याची वही पाहावी. आकृती, मापे, दाबाचे गणित आणि प्रत्येक नगाचा खर्च तिच्यात मांडलेला आहे का, गाडी कुठे चालवणार हे लिहिले आहे का, हे तपासावे. वही पक्की असेल, तर त्याला स्वतः उद्यमनगरात न्यावे आणि मिस्त्रीशी भाव करताना किलोचा दर विचारू नये. त्याच्या दिवसांचे मोल विचारावे. पहिला नग बिघडला तरी त्याचे पैसे चुकते करावेत. तो का बिघडला, हे मात्र मुलाने त्या वहीत आपल्या हाताने लिहावे.