एका गळ्यातले दोन आवाज : भक्ती बर्वे



ताडकळसला तत्त्वज्ञानावर बोलायला बोलावलं आणि आम्ही विषय कळवला एका नटीचा. तेव्हा संयोजकांनी फोनवर दोनदा विचारून घेतलं, "सर, हाच विषय नक्की ना?" नक्की हाच. माणसाचा आवाज आणि माणूस यांचं नातं काय, हा तत्त्वज्ञानाचाच प्रश्न आहे. तो पुस्तकातून समजावण्यापेक्षा एका आयुष्यातून समजावणं आम्हाला सोपं वाटतं. शिवाय हा विषय घेण्यामागं आमचा स्वतःचा एक अपराध आहे. तो शेवटी कबूल करू.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा, सांगलीचा. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, १७ सप्टेंबरला, आपला हा सगळा मुलूख निजामाच्या राजवटीतून सुटला. या दोन तारखांचा एकमेकींशी संबंध काहीच नाही. पण आम्ही त्या मुद्दाम शेजारी ठेवतो. कारण आमच्या वडिलांची पिढी शाळेत उर्दूतून शिकली. दरबारात उर्दू, घरात मराठी. मग निजाम गेला, मराठी शाळा आल्या, आणि पुस्तकातली मराठी आपल्या घरातल्या मराठीसारखी नाही हे आम्हा पोरांना पहिल्याच वर्षी कळलं. म्हणजे साहेबाची भाषा बदलली, पण आपण चुकीचं बोलतो ही भावना काही गेली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, नाटकाकडे वळलो की तिची गरज लागेल.

भक्तीबाईंची सुरुवात बालरंगभूमीवर झाली, सुधा करमरकरांच्या 'लिटल थिएटर'मध्ये. मुलांसमोर नाटक करणं सोपं, असं आपल्याला वाटतं. ते फार अवघड असतं. मोठा प्रेक्षक कंटाळला तरी भिडेखातर बसून राहतो. पोरं लगेच बोलायला लागतात. त्यांना धरून ठेवायचं तर आवाजात जीव लागतो. पुढं त्या मुंबई आकाशवाणीवर निवेदिका झाल्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्या दूरदर्शनच्या पडद्यावर निवेदन करताना, बातम्या वाचताना दिसू लागल्या.

इथं जरा थांबू. रंगमंचावरचा आवाज आणि माईकसमोरचा आवाज यांची शिस्त अगदी उलटी असते. नाटकात शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जायला हवं, म्हणून श्वास पोटातून घ्यायचा आणि शब्द फेकायचा. माईकसमोर फेकलात तर आवाज फाटतो. तिथं समोर हातभर अंतरावर एकच माणूस बसलाय असं समजून बोलायचं. तिथं श्वाससुद्धा ऐकू येतो. बातम्या वाचताना तर आणखी एक अट असते : वाचणारीचं गाव, घर, जात, राग, लोभ यातलं काहीही आवाजात दिसता कामा नये. बातमीचा आवाज हा कुणाचाच आवाज नसतो. निदान तसा तो वाटावा लागतो.

असा हा घडवलेला, नितळ आवाज. आणि याच बाईंनी १९७५ च्या जानेवारीत रंगमंचावर फुलं विकणारी मंजुळा उभी केली. नाटक 'ती फुलराणी'.

पु. ल. देशपांड्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून हे नाटक केलं. नावात बालकवींच्या 'फुलराणी'ची आठवण आहे. शॉच्या नाटकाची एक गंमत सांगतो. इंग्रजी उच्चारांवर बेतलेलं हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आलं ते लंडनला नव्हे, १९१३ साली व्हिएन्नाला, आणि तेही जर्मन भाषेत! लंडनला ते १९१४ मध्ये आलं. म्हणजे जन्मतःच या नाटकानं दाखवून दिलं की उच्चारावरून माणूस जोखण्याची खोड एका देशाची नाही.

गोष्ट आपल्याला माहीत आहे. भाषाशास्त्राचा एक प्राध्यापक पैज लावतो की या गावंढळ बोलणाऱ्या मुलीला मी शिकवून थोरामोठ्यांत बसवीन. मुंबईच्या रस्त्यावरची मंजुळा साळुंके आणि प्राध्यापक जहागीरदार. प्राध्यापकाचं काम सतीश दुभाषी करत. शॉनं मूळ नाव घेतलं ते ओव्हिडनं सांगितलेल्या जुन्या कथेतून : एक शिल्पकार पुतळा घडवतो, त्याच्या प्रेमात पडतो आणि देवीच्या कृपेनं पुतळा जिवंत होतो. प्राध्यापकालाही वाटतं, हा पुतळा मी घडवला. पण पुतळ्याला घडवण्याआधी आवाज नव्हता. मंजुळेला होता. सगळा फरक इथं आहे.

आम्ही हे नाटक नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत पाहिलं. त्यातलं मंजुळेचं स्वगत सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तासन्‌तास उच्चार घोटून, अपमान सोसून ती एकटी राहते आणि मास्तरावरचा सगळा संताप बाहेर काढते. तेव्हा आम्हीही पोट धरून हसलो. पण अर्थ पुष्कळ वर्षांनी उमगला. ते स्वगत कुठल्या भाषेत आहे? तिच्या स्वतःच्या. शिकवलेल्या भाषेत ती अजून रागावू शकत नाही. माणूस दुसऱ्याच्या भाषेत नमस्कार आधी शिकतो. भांडण, रडणं, देवाला बोल लावणं फार उशिरा येतं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईचंच बघा. विठ्ठलाशी तिचं भांडण आहे ते जात्यावरच्या भाषेत आहे.

आणि ते स्वगत म्हणत कोण होतं? जिच्या मुखातून महाराष्ट्र बातम्या ऐकत होता ती बाई. म्हणजे नाटकात मंजुळेला जो आवाज मोठ्या कष्टानं मिळवायचा होता, तो नटीकडे आधीच होता. आणि मंजुळेकडे जन्मतः होता तो नटीनं कष्टानं मिळवला. एकाच गळ्यात दोन्ही. मग आम्ही तुम्हाला विचारतो, यातला भक्ती बर्वेंचा खरा आवाज कोणता?

तुम्ही म्हणाल, दोन्ही भूमिकाच. बरोबर. पण मग ज्याला आपण 'शुद्ध' म्हणतो तीही एक भूमिकाच झाली की नाही? ती चांगली वठवावी, जरूर वठवावी. पण तिला माणसाची लायकी समजू नये.

हा विचार परका नाही. पतंजलीच्या महाभाष्यात, व्याकरणाचा सगळ्यात मोठा अभिमानी ग्रंथ तो, त्यात यर्वाण-तर्वाण नावाच्या ऋषींची गोष्ट आहे. हे मोठे ज्ञानी ऋषी. पण रोजच्या बोलण्यात ते शब्द बोलीच्या वळणानं उच्चारायचे, इतके की त्या उच्चारावरूनच लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं. यज्ञात मात्र ते चुकत नसत. म्हणजे काय? यज्ञाला यज्ञाची भाषा, अंगणाला अंगणाची. आणि अंगणातल्या भाषेमुळं त्यांचं ऋषिपण काही उणं झालं नाही. हे आम्ही म्हणत नाही, पतंजली सांगतो.

आता भक्तीबाईंची पुढची कामं याच नजरेनं पाहा. १९८३ च्या 'जाने भी दो यारो' या हिंदी चित्रपटात त्या 'खबरदार'ची संपादिका शोभा सेन झाल्या. भाषा सफाईदार, वागणं सुसंस्कृत, तोंडी सत्याचा कैवार. आणि आतून सौदेबाजी. गुळगुळीत आवाज हा खोटेपणाचा मुखवटा कसा होतो, ते त्यांनी तिथं दाखवलं. उलट दूरदर्शनच्या 'बहिणाबाई'त त्या बहिणाबाई चौधरी झाल्या. खानदेशची, अक्षर न शिकलेली शेतकरी बाई. जिची बोली पुस्तकाच्या हिशेबानं 'अशुद्ध', आणि जिच्या ओव्या आज आपण मराठीचं वैभव म्हणून मुलांना शिकवतो. अशोक पाटोळ्यांच्या 'आई रिटायर होतेय'मध्ये घरातली आई एक दिवस जाहीर करते की मी आता निवृत्त. आयुष्यभर जिचा आवाज स्वयंपाकघराबाहेर गेला नाही, ती बोलायला लागते.

आणि प्रेमानंद गज्वींच्या गांधी आणि आंबेडकर यांच्यावरच्या नाटकात त्या विदूषक झाल्या. संस्कृत नाटकाचा संकेत आठवा : राजा संस्कृत बोलणार, स्त्रिया आणि विदूषक प्राकृत बोलणार. दोन हजार वर्षं बाईला आणि विदूषकाला एकाच पंगतीत बसवलेलं. इथं बाईच विदूषक होऊन दोन महापुरुषांना प्रश्न विचारते. आम्हाला ही निवड फार अर्थपूर्ण वाटते.

१९९० चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला. पती शफी इनामदार, तेही मोठे नट, १९९६ मध्ये गेले. पुढं 'पु.ल., फुलराणी आणि मी' असा एकपात्री कार्यक्रम भक्तीबाई करत. जून २००० मध्ये पु.ल. गेले. आणि आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ ला, वाईहून मुंबईकडे परतताना द्रुतगती मार्गावर मोटार अपघातात भक्तीबाई गेल्या. वय अवघं ५२. मंजुळा मात्र राहिली. प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष अशा पुढच्या नट्यांनी ती आपापल्या गळ्यात घेतली.

आता आमचा अपराध.

आम्ही नुकते शिकवायला लागलो होतो. वर्गात कांट चालू होता. कांट म्हणतो, खोटं कधीच बोलू नये, अगदी कुणाचा जीव वाचवायलाही नाही. मागच्या बाकावरून खेड्यातनं येणारी एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, खोटं बोलून एखाद्याचा जीव वाचत असंल, तर कांट कामून नको म्हणतो?" आणि आम्ही काय केलं? म्हणालो, "कामून नव्हे, 'का' म्हणावं." वर्ग हसला. ती बसली. वर्षभर नियमित आली, चांगल्या मार्कांनी पास झाली, पण पुन्हा एकही प्रश्न तिनं विचारला नाही.

कांटला विचारलेला तो सगळ्यात नेमका प्रश्न होता. युरोपात मोठमोठ्यांनी त्यावर वाद घातलेत. त्याचं उत्तर आम्ही दिलंच नाही, एक शब्द तेवढा दुरुस्त केला. नाटकातल्या प्राध्यापकाला हसताना आपण कुणाला हसतोय, हे आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

याचा अर्थ प्रमाण मराठी शिकू नका, असा कुणी काढू नये. शिका, चांगली शिका. अर्ज, मुलाखत, निवेदन, जिथं तिचं काम आहे तिथं ती बिनचूक वापरा. भक्तीबाईंनी ती वापरली आणि तिच्यावर पोटही भरलं. पण ती शिकताना घरातली 'जायलो', 'करायलो' पुसून टाकावी लागत नाही. समोर बसलेल्या शिक्षकांना तर आमची हात जोडून विनंती आहे : पोरगं प्रश्न विचारत असेल तर आधी उत्तर द्या. शब्द मग बघू.

आमचं बोलणं इथं संपलं. आता अर्धा तास प्रश्नांसाठी आहे. ज्या बोलीत सुचेल त्या बोलीत विचारा. आणि तुमची हरकत नसेल, तर पहिलं उत्तर आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाचं देऊ. फार वर्षं राहिलंय ते.