रक्तातच आहे का हो ही?

चाकणजवळ, इंद्रायणीच्या काठी निघोजे म्हणून गाव आहे. (रांजणखळग्यांचे निघोज पारनेरचे, ते वेगळे.) एके काळी शेतीचे गाव, आज शिवारात मोटारींचे कारखाने उभे. समजा, इथलाच एक मुलगा कारखान्यात लागला. पहिला पगार झाला, मित्र म्हणाले, “चल, आज बसू या.” याचे वडील दारूपायी गेलेले. पाऊल अडखळते आणि तो विचारतो, “माझ्या रक्तातच आहे का हो ही?”

श्रोतेहो, प्रश्न थट्टेवारी नेण्याजोगा नाही. गुडविन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली डेन्मार्कमधील दत्तक मुलग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जन्मल्यावर सहा आठवड्यांच्या आत परक्या घरी गेलेली ही मुले. ज्यांचे जन्मदाते मद्यासक्त, त्यांतले सुमारे १८ टक्के तिशीच्या आसपास स्वतः मद्यासक्त झालेले आढळले. इतरांतले ५ टक्के. म्हणजे घरात पाहून शिकला, एवढ्यावर भागत नाही. पण तोच आकडा उलटा वाचा की! शंभरांतले ८२ झाले नाहीत.

मग वारशाने येते ते काय? दारूची तहान नव्हे खास. मेंदूत खोलवर पेशींचा एक लहानसा पुंजका आहे, तो बक्षिसाच्या आशेने जागा होतो. तरुणाला चुंबकीय यंत्रात निजवतात. डोळ्यांपुढे खूण येते, चपळाईने बटण दाबलेस तर पैसे. दाबण्यापूर्वीचा तो क्षण, जत्रेतला पाळणा वर चढताना पोटात होते ना, तसा, त्या क्षणी पुंजक्याकडे पाहायचे. मद्यासक्तांच्या मुलांत तो कुठे मंद आढळला, कुठे अधिक तेज, कुठे फरकच नाही. मंद असला तर साधे सुख फिके पडते म्हणून दारू. तेज असला तर आमिष आवरत नाही म्हणून दारू! दोन्हीकडून लागू पडणारे उत्तर मला जरा सोयीचेच वाटते.

त्यापेक्षा कॅलिफोर्नियातल्या मार्क शुकिट यांचे काम मला अधिक पटते. त्यांनी विशीतल्या तरुणांना वजनाच्या मानाने सारखीच दारू दिली. मद्यासक्तांच्या मुलांना सरासरीने ती कमी चढली. दहाएक वर्षांनी पाहिले, तर ज्यांना कमी चढली होती तेच अधिक संख्येने अडकलेले. साधी गोष्ट आहे: पुरे म्हणणारी सूचनाच उशिरा येते, तोवर पेले वाढतात.

“मला चढतच नाही,” ही फुशारकी आपण ऐकतोच. त्या बसलेल्या टोळक्यात जो शेवटपर्यंत शुद्धीवर राहून बाकीच्यांना घरी पोचवतो, त्याच्याच वडिलांची चौकशी मी आधी करीन.