मूर्तीची माती आणि संगणकाचे उत्तर

पेणच्या गणपती कारखान्यात एक फूट उंचीच्या भरीव मूर्तीशेजारी अगदी त्याच घडणीची, पण दोन फूट उंचीची मूर्ती आहे असे समजा. दुसरीला माती किती लागेल? दुप्पट? आपण हा प्रश्न संगणकाला विचारून पाहू या.

त्यासाठी वेगळे काही विकत आणायला नको. पेण-रोह्याकडच्या तुमच्या शाळेतील संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्स ब्राउझर असला की पुरे. कोरे पान उघडून एफ-१२ ही कळ दाबा व 'कन्सोल' निवडा. इंटरनेट बंद असले तरी चालेल; कारण १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी रचलेली जावास्क्रिप्ट ही भाषा जाणणारा 'दुभाषी' ब्राउझरच्या पोटातच असतो. आपण ओळ लिहून एंटर दाबली, की तो ती वाचतो, व्याकरण तपासतो, हिशेब करतो, उत्तर दाखवतो आणि पुढच्या ओळीची वाट पाहतो.

आता लिहा: उंची = २
एंटर दाबून पुढे लिहा: उंची * उंची * उंची

उत्तर येईल ८. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दुप्पट झाल्या, म्हणून माती आठपट! उंची १.५ करून पाहा, उत्तर ३.३७५ येईल.

गंमत अशी की 'उंची' हे मराठी नाव चालते, पण अंक मात्र इंग्रजीच टंकावे लागतात. मराठी अंक लिहिलेत तर लाल अक्षरांत तक्रार उमटेल. घाबरू नका, त्याने काहीही बिघडत नाही. ओळ सुधारून पुन्हा विचारा.

परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवा. मूर्ती पोकळ असेल आणि कवचाची जाडी तेवढीच ठेवली, तर माती पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढते. तेव्हा 'उंची * उंची', म्हणजे सुमारे चौपटच माती लागेल. संगणक ८ आणि ४ ही दोन्ही उत्तरे सारख्याच तत्परतेने देतो. मूर्ती भरीव की पोकळ, हे तो विचारीत नाही. ते पाहायला कारखान्यातच जायला हवे. रोह्याच्या विद्यार्थ्यांना तर रेल्वेने पेण गाठता येते.

जाता जाता एक प्रश्न: पोकळ मूर्तीच्या कवचाची जाडीही दुप्पट केली तर? आधी उत्तर वहीत लिहा, मगच एंटर दाबा.