जाडी बरोबर, तारीख चूक

आर्क्टिकच्या बर्फाचा २०२५ चा उन्हाळी आकडा आला : १० सप्टेंबरला ४६ लाख चौरस किलोमीटर. उपग्रहांच्या ४७ वर्षांच्या नोंदीत नीचांकांच्या यादीत दहावा, तोही विभागून. मार्चमधला हिवाळी उच्चांक १ कोटी ४३ लाखांवर अडकला होता आणि तो तोवरचा सर्वांत कमी होता. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत उरकली. ‘दहावा’ मात्र मोबाइलवर जोरात फिरला. त्याला ऑगस्टमधल्या एका शोधनिबंधाची जोड मिळाली. मार्क इंग्लंड आणि सहकाऱ्यांनी त्यात दाखवलं की २००५ पासून सप्टेंबरच्या बर्फात सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल अशी घट दिसत नाही. झालं! ‘बघा, आम्ही म्हणतच होतो’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळालं. निबंधाचा उरलेला भाग मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही. असा थांबा हवामानाच्या नैसर्गिक चढउतारांत बसतो, तो आणखी पाच-दहा वर्षंही टिकू शकतो, आणि त्यानंतरची घट सरासरीहून वेगवान असण्याची शक्यता आहे, असं तेच लेखक पुढे सांगतात.

या वादात एक नाव हटकून निघतं आणि बहुधा टिंगलीसाठीच निघतं : पीटर वॅडम्स. केंब्रिजचे सागरी भौतिकीचे निवृत्त प्राध्यापक, तिथल्या स्कॉट ध्रुवीय संशोधन संस्थेचे एकेकाळचे संचालक. २०१५-१६ च्या उन्हाळ्यात आर्क्टिकचं बर्फ संपेल, असं या गृहस्थांनी २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. ते संपलं नाही. पण माणसाची ओळख एवढ्यावरच संपवायची असेल, तर त्याआधीची चाळीस वर्षं फुकट गेली म्हणायची.

विशी-बाविशीत वॅडम्स ‘हडसन’ या कॅनडाच्या संशोधन नौकेवर होते. १९६९-७० मध्ये या नौकेने दोन्ही अमेरिका खंडांना प्रदक्षिणा घातली. तसं करणारी ती पहिलीच. शेवटचा टप्पा कॅनडाच्या उत्तरेकडच्या वायव्य मार्गाचा होता. बर्फाला तोंड देण्यासाठी मुद्दाम मजबूत बांधलेल्या जहाजालाही तिथे झगडावं लागलं. त्याच वाटेने २०१६ मध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ हे आलिशान पर्यटन जहाज हजारभर प्रवासी घेऊन गेलं.

पण खरं काम पाण्याखाली झालं. वरून दिसतो तो बर्फाचा विस्तार; जाडी कळायला खालून बघावं लागतं. तरंगत्या बर्फाचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्यात असतो. त्यामुळे पाणबुडीच्या पाठीवर वरच्या दिशेने रोखलेलं सोनार लावलं, की बर्फाच्या तळापर्यंतचं अंतर कळतं आणि पाणबुडीची खोली ठाऊक असल्यामुळे बर्फ पाण्यात किती बुडालं आहे तेही निघतं. अडचण एवढीच की या पाणबुड्या शीतयुद्धातल्या अणुपाणबुड्या. कुठून कुठे गेलो हेच गुपित. अशा नौदलाच्या गोटात शिरून शास्त्राचं काम काढून घेणं, ही वॅडम्स यांची पहिली कमाई. १९७६ मध्ये ‘सॉव्हरिन’, १९८७ मध्ये ‘सुपर्ब’.

या दोन सफरींच्या तुलनेचा निबंध १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. ग्रीनलंडच्या उत्तरेला सुमारे तीन लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे जवळपास आपल्या महाराष्ट्राएवढा पट्टा. तिथे बर्फाची पाण्याखालची सरासरी खोली साधारण ५.३ मीटरवरून ४.५ मीटरवर आली होती. पंधरा टक्के घट, अकरा वर्षांत. शंकेला जागा होती : दोनच सफरी, आणि वाऱ्याने बर्फ दुसरीकडे लोटलं असेल तर? पण एक बारकावा पाहा. पहिली मोजणी ऑक्टोबरमधली, म्हणजे बर्फ नुकतं धरू लागण्याच्या वेळची. दुसरी मेमधली, जेव्हा ते वर्षात सर्वांत जाड असायला हवं. तरीही ते पातळ निघालं. पुढे १९९९ मध्ये अमेरिकी पाणबुड्यांच्या नोंदी हाताशी आल्यावर ड्र्यू रॉथ्रॉक आणि सहकाऱ्यांनी त्याहून मोठ्या भागाचा हिशेब मांडला : १९५८ ते १९७६ च्या तुलनेत नव्वदच्या दशकात बर्फ सरासरी १.३ मीटरने पातळ. मग फारसं कुणी हसलं नाही.

तिसरी मोठी सफर २००७ ची, ‘टायरलेस’वरून. बर्फाचा तळ त्रिमितीत टिपणारं नवं सोनार सोबत होतं. मार्चमध्ये बर्फाखालीच प्राणवायू तयार करणाऱ्या एका उपकरणाचा स्फोट झाला आणि दोन नौसैनिक मरण पावले. वॅडम्स तेव्हा पाणबुडीतच होते. हवामानबदल खुर्चीत बसून रचलेला बनाव आहे असं म्हणणाऱ्यांना मी हा प्रसंग सांगतो. फरक पडत नाही, तो भाग वेगळा.

मला स्वतःला त्यांचं सर्वांत आवडतं काम याहून साधं आहे. खवळलेल्या समुद्रात बर्फ सलग पापुद्र्यासारखं धरत नाही. आधी पाण्यात सुयांसारखे बारीक स्फटिक तयार होतात आणि पृष्ठभागावर त्यांचा दाट लगदा साचतो. लाटा त्याला हलवत राहतात, तसे त्याचे गोळे बनतात, एकमेकांवर आपटून वाटोळे होतात, आणि प्रत्येक टकरीत थोडा लगदा काठावर उडून तिथेच गोठतो. शेवटी काठ उचललेल्या परातींसारख्या गोल चकत्या दूरवर तरंगताना दिसतात. शास्त्रज्ञ त्याला ‘पॅनकेक आइस’ म्हणतात. १९८६ च्या हिवाळ्यात जर्मन नौका ‘पोलारस्टर्न’वरून वॅडम्स यांनी अंटार्क्टिकच्या वेडेल समुद्रात पाहिलं की तिथल्या बर्फाची कड याच चकत्यांनी पुढे सरकते, आणि त्यांचा पट्टा दोनशे किलोमीटरहून रुंद असतो. ग्रीनलंड समुद्रातही अशाच बर्फाची एक लांब जीभ दर हिवाळ्यात बाहेर यायची, ‘ओडेन’ नावाची. नव्वदचं दशक सरता सरता ती जवळपास दिसेनाशी झाली.

मग एवढा मोजूनमापून बोलणारा माणूस तारखेत का फसला? कारण त्याने रेघ पुढे ओढली. २०१२ मध्ये विस्तार ३४ लाखांवर आला, तो नीचांक आजही मोडलेला नाही. जाडी आणि विस्तार एकत्र धरून काढलेलं घनफळ तर त्याहून वेगाने घसरत होतं. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रतिमानानुसार ते १९७९ च्या सप्टेंबरच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आलं होतं. घसरणारी वक्ररेषा तशीच खाली नेली की तीनचार वर्षांत शून्य येतं. कागदावर ठीक. पण पातळ बर्फाची एक खोड असते : ते हिवाळ्यात भराभर वाढतं, कारण खालच्या पाण्याची उष्णता पातळ थरातून लवकर निसटते. शिवाय वारे आणि प्रवाह बर्फ ग्रीनलंड-कॅनडाच्या किनाऱ्याला रेटतात, ते तिथे चढून साठतं आणि सहजी जात नाही. २०१५ चा नीचांक ४४ लाख होता, २०१६ चा ४१ लाख. संपलं म्हणायची शास्त्रीय सीमा १० लाख. ही सगळी कारणं वॅडम्स यांना माझ्याहून हजारपट ठाऊक होती. तरी २०१६ मध्येही ते ‘यंदा नाहीतर पुढच्या वर्षी’ म्हणत राहिले. माझ्या मते ही भाकिताची चूक कमी आणि हट्ट जास्त. त्याची किंमत त्यांच्यापेक्षा सावधपणे बोलणारे इतर शास्त्रज्ञ अजून चुकवताहेत.

तारीख न सांगताही बोलता येतं. २०१६ मध्येच डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव्ह यांनी ‘सायन्स’मध्ये वेगळा हिशेब दिला : हवेत सोडलेल्या दर टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरचं सुमारे तीन चौरस मीटर बर्फ जातं. सरासरी भारतीयाच्या नावावर वर्षाला साधारण दोन टन येतात. म्हणजे माणशी सहा चौरस मीटर, ६५ चौरस फूट. यात चारदोन वर्षांचा थांबा आला तरी हिशेब बिघडत नाही.

आपला संबंध काय, हा प्रश्न येणारच. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये रशियाच्या उत्तरेकडच्या कारा समुद्रातलं कमी झालेलं बर्फ आणि मध्य भारतात सप्टेंबरमध्ये कोसळणारा टोकाचा पाऊस यांच्यात संभाव्य दुवा मांडला. ‘संभाव्य’ हा शब्द त्यांचाच, आणि तो तसाच ठेवावा. सप्टेंबरमध्ये सोयाबीन पाण्यात गेलं की थेट आर्क्टिककडे बोट दाखवायची घाई नको. त्या दुव्यात अरबी समुद्राच्या उष्ण पाण्याचाही वाटा आहे. पण तपासायचं तर रोजच्या रोज, अनेक वर्षं, एकाच मापाने घेतलेली बर्फाची नोंद लागते.

२०२५ ची खरी बातमी मला तिथे दिसते. ही नोंद ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीतूनही बर्फ ‘पाहणाऱ्या’ अमेरिकी लष्करी उपग्रहांवर उभी आहे. त्यांची माहिती बंद करत असल्याचं जूनअखेर अचानक जाहीर झालं. ओरड झाल्यावर मुदत आधी महिन्याने आणि मग सप्टेंबर २०२६ पर्यंत वाढली. कोलोराडोतल्या बर्फ-नोंदणी केंद्राला दरम्यान जपानच्या २०१२ मधल्या उपग्रहाकडे वळावं लागलं. त्याचा वारसदारही जपाननेच २०२५ च्या जूनअखेर सोडला. मात्र दोन उपकरणं एकच बर्फ तंतोतंत सारखं मोजत नाहीत. जुनं आणि नवं काही काळ एकाच वेळी चालू ठेवून त्यांतला फरक काढावा लागतो, तरच १९७९ पासूनच्या आकड्यांना पुढचे आकडे जोडता येतात. त्यासाठी मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंतचीच.