ब्लूर रस्त्याची सक्तीची वर्गणी

टोरांटोच्या पश्चिमेला ब्लूर रस्त्यावर साठच्या दशकात दुकानदार धास्तावले होते. १९६४मध्ये शहराच्या उत्तरेला यॉर्कडेलचा भव्य मॉल उघडला. डोक्यावर छप्पर आणि गाडी लावायला ऐसपैस जागा अशी तिथली सोय. १९६८मध्ये भुयारी रेल्वे या भागात पोचली आणि वरची ट्राम बंद झाली. ट्रामच्या खिडकीतून दुकान पाहून उतरणारं गिऱ्हाईक आता जमिनीखालून परस्पर निघून जाऊ लागलं.

दुकानदारांची संघटना होती, ती वर्गणीही काढायची. पण तिथंही आपल्या व्यापारी मंडळांचंच दुखणं होतं. रोषणाईचा उजेड सगळ्यांच्या दारात पडतो, पैसे मात्र ठरावीक लोकच देतात. म्हणून त्यांनी सरकारकडे एक वेगळीच मागणी केली. आमच्यावर जादा कर बसवा, तो सक्तीनं वसूल करा. पण त्यातली पै न् पै आमच्याच रस्त्यावर खर्च होऊ द्या. ओंटारियो प्रांतानं १९६९मध्ये तसा कायदा केला आणि १९७०मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हा जगातला पहिला ‘व्यवसाय सुधारणा विभाग’ ठरला. दिवे, बाकं, झाडांच्या कुंड्या आणि नाताळची सजावट यांपासून सुरुवात झाली. आज एकट्या टोरांटोत असे ऐंशीहून अधिक विभाग आहेत.

वसुलीची पद्धत सोपी आहे. विभागाचं मंडळ वर्षाचं अंदाजपत्रक मांडतं, नगर परिषद ते मंजूर करते आणि हद्दीतल्या व्यापारी मिळकतींच्या करात ती रक्कम मिळवली जाते. पालिका पैसे गोळा करून मंडळाच्या हवाली करते. नेहमीची झाडलोट आणि रस्तादुरुस्ती पालिकेकडेच राहते. या निधीतून होतं ते त्याहून जास्तीचं काम.

अशा पैशानं काय घडू शकतं, ते न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये दिसलं. बेचाळिसाव्या रस्त्यावरच्या सार्वजनिक ग्रंथालयामागची ही बाग सत्तरच्या दशकात गर्दुल्ल्यांच्या ताब्यात गेली होती. समाजशास्त्रज्ञ विल्यम व्हाइट यांनी बारकाईनं पाहून निदान केलं, की उंच झुडपांची कुंपणं आणि अपुरी प्रवेशद्वारं यांमुळे बाग रस्त्यावरून दिसतच नाही. १९८८मध्ये बाग बंद केली, झाडोरा छाटला, वाटा रुंद केल्या. १९९२मध्ये ती पुन्हा उघडली, तेव्हा हिरवळीभोवती सुट्या, हलक्या खुर्च्या होत्या. ज्याला ऊन हवं त्यानं उन्हात ओढावी, गप्पा मारायच्या तर चार जवळ कराव्यात. बागेच्या देखभालीला भोवतालच्या मिळकतदारांची पट्टी लागू झाली.

पण पैसे देणाऱ्यांत मत कुणाचं? मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये अशा विभागांच्या संचालक मंडळात जागामालकांचं बहुमत असतं. भाडेकरूंना जागा मिळतात, पण थोड्या. पट्टीचा बोजा मात्र भाडेकरारातून बहुधा त्यांच्याच माथी येतो. तिथल्या ग्रँड सेंट्रल विभागाबद्दलच्या खटल्यात १९९८मध्ये अपील न्यायालयानं मालकांचं हे झुकतं माप वैध ठरवलं. ओंटारियोनं वेगळी वाट धरली. तिथं व्यापारी मिळकतीचा भाडेकरूही सभासद असतो, आणि मिळकती कितीही असोत, एका सभासदाला मत एकच.

महाराष्ट्रात असा कायदा नाही. मुंबईत १९९८मध्ये स्थापन झालेल्या काळा घोडा असोसिएशननं उत्सवातून निधी उभा करून जुन्या वास्तूंची डागडुजी केली. ते काम मोलाचं आहे, पण ते स्वेच्छेवर उभं आहे. उद्या कायदा आलाच, तर न्यूयॉर्कचा साचा आपल्या जुन्या पेठांना बसणार नाही. मुंबईतल्या पागडीच्या दुकानात मालकाच्या हाती नाममात्र भाडं येतं. गल्ला, गिऱ्हाईक आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गुंतवणूक दुकानदाराची असते. तिथं फक्त मालकाला विचारून पेठ कशी सुधारणार? शिवाय दुकानापुढे बसणारा फेरीवाला ‘सुधारणे’त सर्वांत आधी उठवला जातो. २०१४च्या केंद्रीय कायद्यानं नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा पथविक्रेत्यांना दिल्या आहेत; पेठेच्या मंडळातही त्यांना आवाज हवा.

आपल्या पेठेसाठी असा प्रस्ताव कधी पुढे आला, तर व्यापाऱ्यांनी दिव्यांच्या नक्षीआधी मतदारयादी मागून घ्यावी.