शिक्षेचे मोजमाप आणि नोंदींचे मोल

धुळ्याच्या कारागृहाचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते, ते 1932 सालच्या एका टिपणामुळे. त्या वर्षी आचार्य विनोबा भावे यांनी तेथे दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. कारागृहात इतरही नोंदी रोज होत असतात. कोण आत आला, कोणत्या कलमाखाली आला, किती दिवस राहिला, याची ती रुक्ष टिपणे असतात. त्यांच्या वाट्याला ग्रंथाचे भाग्य येत नाही. परंतु शिक्षाविषयक सुधारणेचा विचार अखेर त्यांच्याशीच येऊन थांबतो.

कायदा बहुतेक गुन्ह्यांसाठी शिक्षेची केवळ कमाल मर्यादा सांगतो. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. त्या मर्यादेच्या आत नेमकी किती शिक्षा द्यावी, हे न्यायाधीशांच्या विवेकावर सोपविलेले आहे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकण्याची तरतूद केली. तत्पूर्वीच, 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाने योग्य प्रकरणी चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका करण्याची मुभा दिली होती. जन्मठेपेस पात्र नसलेल्या गुन्ह्यात एकवीस वर्षांखालील तरुणास कारावासात पाठविण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा, असेही हा अधिनियम सांगतो.

हा विवेक आवश्यकच आहे. तथापि, समजा, सारख्याच चोरीसाठी जळगावात एका तरुणाची बंधपत्रावर सुटका झाली आणि धुळ्यात दुसऱ्याला वर्षभराचा कारावास झाला, तर हा फरक प्रकरणांतील आहे की न्यायालयांतील? एकेक निकालपत्र वाचून याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी शेकडो निकाल गुन्हा, वय, पूर्वीचा गुन्हा व शिक्षा अशा रकान्यांत शेजारी मांडावे लागतात. शिक्षेसाठी मार्गदर्शक तत्त्वे असावीत, असे न्या. मलिमठ समितीने 2003 मध्ये सुचविले होते. अशी तत्त्वे आपल्याकडे नाहीत, याकडे सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये लक्ष वेधले आणि 2024 मध्ये केंद्र शासनाने सर्वंकष शिक्षा धोरणाचा विचार करावा, अशी शिफारस केली.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने हे काम आयोग नेमून केले आणि 1980 मध्ये तक्ता लागू केला. त्यात एका बाजूस गुन्ह्याचे गांभीर्य व दुसऱ्या बाजूस पूर्वीचे गुन्हे असून, दोन्ही जेथे मिळतात तेथे शिक्षेचा आकडा सापडतो. न्यायाधीशास तो सोडता येतो, मात्र कारणे नोंदवावी लागतात. कारागृहांत जागा किती, हेही आयोगाने विचारात घेतले होते.

आपल्याकडे आकडे मुळीच नाहीत असे नाही. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरो दरवर्षी कारागृहांची आकडेवारी प्रसिद्ध करतो. परंतु ही गणती 31 डिसेंबर या एका दिवशी आत असलेल्यांची असते, हे वाचकाने ध्यानी ठेवावे. वर्षभरात बारा माणसे एकेक महिना आत राहून गेली आणि एक माणूस बाराही महिने राहिला, तर त्या दिवशीच्या गणतीत दोन्हींच्या नावे सरासरीने एकेकच माणूस दिसेल. दंड भरून किंवा बंधपत्रावर सुटलेला तर त्यात येतच नाही. 1 जुलै 2024 पासून किरकोळ चोरीच्या पहिल्या अपराधास, मालाची किंमत पाच हजारांहून कमी असून तो परत केला असल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. तीही या गणतीबाहेरच राहणार.

शिवाय 2022 अखेर देशातील 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जणांचा खटला पूर्ण झालेला नव्हता. शिक्षा ठरण्यापूर्वीच ती भोगून होते, असा याचा अर्थ. अशा कच्च्या कैद्यांच्या प्रकरणांचा आढावा घेणारी समिती सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या आदेशानुसार प्रत्येक जिल्ह्यात आहे. जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात; जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक सदस्य असतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार, काही अपवाद वगळता, पहिल्याच गुन्ह्यातील कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळ आत काढला की त्याची बंधपत्रावर सुटका व्हावी आणि त्यासाठी कारागृह अधीक्षकानेच न्यायालयास लेखी अर्ज करावा. पण “पहिलाच गुन्हा” हे ठरायचे कशावरून? पुन्हा नोंदीवरूनच.

प्रत्येक नोंद हितकारक असतेच असे नाही. पारधी व इतर जमातींना सरसकट गुन्हेगार म्हणून नोंदविणारा कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी संशय मागे उरला. कारागृहाच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये दिला. जुने आकडे नव्या धोरणासाठी वापरताना त्यांत जुना आकस मुरलेला नाही ना, हे पाहावेच लागेल.

काही नोंदींचा उगम मात्र गावातच असतो. साक्री किंवा चाळीसगाव तालुक्यातील कुटुंब ऊसतोडीसाठी परगावी गेले की घराला कुलूप दिसते आणि चौकशीच्या कागदावर “पत्त्यावर आढळून आला नाही” असा शेरा पडतो. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी हे कुटुंब परत येते, हे ग्रामपंचायत सदस्यास ठाऊक असते, कागदास नसते. असा शेरा जामिनाच्या आड येऊ शकतो.

वयाचे तसेच. आरोपी अठरा वर्षांखालील आहे किंवा कसे, हे ठरविताना 2015 चा बाल न्याय अधिनियम प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला पाहतो, तो नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आपल्या शाळांच्या जुन्या प्रवेश नोंदवह्या चाळल्या तर 1 जून या तारखेला जन्मलेली मुले नवल वाटावे इतकी आढळतात. पालकांना तारीख सांगता येत नसे आणि गुरुजी प्रवेशास सोयीची तारीख लिहून टाकत. पावसाळ्यानंतर जन्मलेले मूल त्यामुळे कागदावर काही महिन्यांनी मोठे झाले. तेच मूल सतराव्या वर्षी एखाद्या प्रकरणात सापडले, तर बाल न्याय मंडळ की फौजदारी न्यायालय, याचा निर्णय त्या काही महिन्यांवर होतो.