टॅलीचा डेटा नेमका कुठे आहे? आधी ते शोधा!

दुकानात टॅली आहे, रोज एंट्री होते. पण तो डेटा कॉम्प्युटरवर कुठे साठतो, हे विचारलं की दहापैकी नऊ जण म्हणतात, "टॅलीतच की!"

तसं नसतं. टॅली हा प्रोग्रॅम, डेटा वेगळा. टॅलीप्राइम टाकताना काही बदललं नाही, तर डेटा सी ड्राइव्हमध्ये यूझर्स, पब्लिक, टॅलीप्राइम, डेटा या फोल्डरमध्ये जातो. आत तुमच्या फर्मचं नावही नसतं, 10000 किंवा 100000 अशा आकड्याचं फोल्डर असतं. विंडोज बिघडलं की रिपेअरवाला पहिला फॉरमॅट मारतो तो सी ड्राइव्हच. मग उधारी, स्टॉक, जीएसटीची बिलं, सगळं गेलं. आणि जीएसटीत हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने जपावा लागतो.

म्हणून जागा बदला. टॅली बंद करा, डी ड्राइव्हवर नवं फोल्डर करा आणि डेटा फोल्डर तिथे कॉपी करा. कट नाही, कॉपी! मग टॅली उघडून अल्ट आणि एफ3 दाबा, 'स्पेसिफाय पाथ' निवडा, नवी जागा द्या. कंपनी उघडली की शेवटचा बिल नंबर आणि कॅश बॅलन्स जुन्याशी जुळवा. जुळलं, तर टॅली परत बंद करून टॅली डॉट आयएनआय या सेटिंगच्या फाइलमध्ये 'डेटा' या ओळीवर नवा पाथ लिहा, म्हणजे दरवेळी सांगावं लागणार नाही. (ही फाइल प्रोग्रॅमच्या फोल्डरमध्ये असते, सेव्ह करताना ॲडमिन परवानगी लागू शकते.)

खरी गडबड यानंतर होते. जुनं फोल्डर तसंच राहतं, काउंटरवरचा पोरगा तीच जुनी कंपनी उघडतो, आणि अर्धी बिलं इकडे, अर्धी तिकडे! महिनाअखेरीला जुळवत बसा. त्यामुळे जुन्या फोल्डरचं नाव त्याच दिवशी बदला, 'जुना डेटा, उघडू नये' असं. डिलीट मात्र महिनाभर करू नका.

अजून एक. डी ड्राइव्ह म्हणजे बहुतेक वेळा त्याच डिस्कचा दुसरा कप्पा. डिस्क मेली की दोन्ही गेले. अल्ट आणि वाय दाबून रोज रात्री बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह गल्ल्यात नको, घरी न्या.